टेम्पोतली बाटली

भांडुप (प.), ८ डिसेंबर

अक्षता,

लिफ्टचं दार तू हाताने अडवलंस आणि माझ्या कानाशी येऊन विचारलंस, "सम्यक, खरं सांग, तुझे बाबा घेत नाहीत ना?" सगळं बदललं ते तिथे. आत हॉलमध्ये तुझ्या पप्पांनी जे ऐकवलं तेव्हा नाही. तेव्हा माझं नुसतं डोकं सटकलं होतं, आणि सटकलेलं डोकं माझं मला नवीन नाही. पण तू विचारलंस आणि आत काहीतरी तुटलंच.

तुला वाटलं बाबांना ऐकू गेलं नाही. लिफ्ट ती केवढी! भिंतीकडे तोंड करून ते ती पाटी वाचत होते, किती माणसं, किती वजन. सहाव्या मजल्यापासून खालपर्यंत तीच एक पाटी.

तू नंबर ब्लॉक केलायस म्हणून कागदावर लिहितोय. हसू नकोस. शाळा सुटल्यापासून एवढं मराठी पहिल्यांदाच लिहितोय. कॉलेजातली आपली नीलम हे आणून देईल. ती म्हणते, मी उघडून वाचत नाही. ठीक आहे, नसेल वाचत.

तू तेव्हा किचनमध्ये होतीस, म्हणून आत काय झालं ते ऐक. पप्पांनी तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही.

"पोराला बघू तरी" असा निरोप तूच दिलास. आईने बाबांचा पांढरा शर्ट दोनदा इस्त्री केला. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून बाबांनी कोल्ड्रिंकचा भरलेला क्रेट खांद्यावर घेतला. मी म्हटलं, बाबा, मिठाई नेऊ या. म्हणाले, "मिठाई काय, कोणीही नेतं." सोसायटीचा वॉचमन त्यांना मागच्या जिन्याने जा म्हणत होता. त्याला वाटलं माल टाकायला आलेत.

तुझ्या पप्पांनी क्रेटकडे बघितलं, मग बाबांकडे. "तुम्ही स्टेशनच्या मागच्या गल्लीत टेम्पो लावता ना? दुपारच्याला?"

बाबा खूश. बँकेतल्या साहेबांनी ओळखलं! "हो साहेब, रोज तिथंच जेवायला थांबतो."

"जेवायला?" पप्पा तुझ्या आईकडे, काकूंकडे बघून हसले. "मी येता-जाता बघतो तुम्हाला. हातात बाटली असते. जेवण काही दिसलं नाही कधी."

बाबा अजून हसतच होते. त्यांना कळायला वेळ लागतो.

"आणि डोळे बघितलेत का आरशात? पिवळेधमक झालेत. आम्ही लालबागच्या चाळीत वाढलेली माणसं. असे डोळे मी लहानपणापासून बघितलेत, शिवदासराव. ते कशाने होतात ते मला कोणी शिकवायला नको. थंड्यात मिसळून प्यायचं म्हणजे कोणाला कळत नाही, असंच ना?"

"साहेब, मी नाही घेत."

"सगळेच तसं म्हणतात." आणि मग माझ्याकडे वळून, "बेवड्याच्या घरात आम्ही पोरगी देत नाही. राग मानू नको."

राग मानू नको! म्हणजे तो पण यांना विचारूनच मानायचा.

मला एकच गोष्ट पाहिजे. पप्पांनी तो शब्द मागे घ्यायचा. बाबांच्या तोंडावर बोलले, बाबांच्या तोंडावरच मागे घ्यायचा. तोपर्यंत मी तुला तोंड दाखवणार नाही. तसंही तू कुठे बघतेस.

सम्यक

&nbsp;

भांडुप, २ जानेवारी

अक्षता,

नीलमने तुझी चिठ्ठी दिली. एवढं मोठं पत्र लिहिलं मी, आणि तुझ्या दोन ओळी. "पप्पांवर एवढा चिडू नकोस. त्यांना जे दिसलं ते ते बोलले."

बरोबर. दिसलं ते बोलले. सगळेच दिसलं ते बोलतात. आता ऐक दिसण्याचं काय असतं ते.

तुमच्याकडून आल्यावर बाबांचे डोळे आणखी पिवळे झाले. गल्लीतल्या बायका आईला म्हणाल्या, शकुताई, कावीळ आहे, उसाचा रस द्या. मग काय, आई रोज पोळ्यांची कामं उरकून येताना रसवंतीवरून बाटली भरून आणायची. वर ग्लुकोजची पावडर. बाबा घटाघटा प्यायचे. पोट फुगायला लागलं. बाकी अंग वाळत चाललेलं आणि पोट तेवढं पुढे. बाबाच जोक मारायचे, "बघ, शेठ झालो."

नाताळच्या आदल्या दिवशी टेम्पोतच चक्कर येऊन पडले. कोल्ड्रिंकच्या एजन्सीने ड्रायव्हरांची विमा पॉलिसी काढलेली आहे, म्हणून थेट मुलुंडच्या प्रायव्हेट हॉस्पिटलात नेलं. चकाचक. आईने दारातच चपला काढल्या, तर गार्ड हसला.

तिथला डॉक्टर माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. त्याने पोट दाबलं, डोळे बघितले, विचारलं, "काका, काय करता?"

"टेम्पोवर असतो."

बस. त्याने मान हलवली. "किती वर्षं घेताय?"

आई मध्ये पडली. "नाही हो डॉक्टर, यांनी आयुष्यात कधी हात नाही लावला. आम्ही बुद्धवंदना घेणारी माणसं."

तो म्हणाला, "मावशी, सगळ्या बायका हेच म्हणतात."

तुझ्या पप्पांचंच वाक्य! एक लालबागच्या चाळीतून आलेला, एक एमबीबीएस करून आलेला, आणि दोघांचं वाक्य सेम. मी कॉलर धरणार होतो. आईने माझा हात असा पिळला की अजून दुखतो.

आणि आता पप्पांचं ऐक. तूच सांगितलेलं आहेस मला, कॉलेजच्या कट्ट्यावर, हसून हसून. बँकेने साहेब लोकांचं फुल बॉडी चेकअप केलं. पप्पांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड टू. डॉक्टरने विचारलं, सर, ड्रिंक्स? पप्पा म्हणाले, "छे, मी सोलकढीवाला माणूस." आणि डॉक्टरने मान डोलावून तसंच लिहून घेतलं. दर शनिवारी बाल्कनीत दोन मोठे पेग, सोबत तळलेली सुरमई, आणि कागदावर सोलकढी! काकू म्हणाल्या होत्या ना, "खाऊन-पिऊन सुखी माणसाक होताच ता." तेव्हा मीही हसलो होतो. किती मूर्ख मी.

पप्पा नाही म्हणाले, लिहिलं नाही. बाबा नाही म्हणाले, लिहिलं हो. पप्पांच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात बँकेचं कार्ड. बाबांच्या अंगात काय, तर एजन्सीचा निळा टी-शर्ट. लिव्हर कोणी बघितलंच नाही गं. शर्ट बघितले.

आणि तू. तुला तर माहीत होतं.

मे महिना. शेवटचा पेपर देऊन तू कॉलेजच्या गेटवर उभी, उन्हाने तोंड लालबुंद, "सम्यक, मला गरगरतंय." समोरून बाबांचा टेम्पो आला. तू आमच्या दोघांच्या मध्ये बसलीस. बाबांच्या हातात त्यांची ती अर्धी झालेली बाटली. त्यांनी तिचं तोंड शर्टाच्या टोकाने पुसलं आणि म्हणाले, "घे पोरी, दुसरं काही नाही गाडीत." आणि तू प्यायलीस. एका दमात. नाकातून झिणझिण्या आल्या म्हणून खोकलीस आणि बाबा केवढे हसले.

तीच बाटली. पप्पांनी बघितली ती. रोज तीच असते.

तुझ्या जिभेला माहीत होतं त्या बाटलीत काय आहे. तरी लिफ्टमध्ये तू मला विचारलंस.

स.

&nbsp;

भांडुप, १९ फेब्रुवारी

अक्षता,

दीड महिना लिहिलं नाही. टेम्पो आता मी चालवतो. कॉलेज सुटलं. एजन्सीचा शेठ म्हणाला, रूट रिकामा ठेवता येत नाही, तू येतोस की दुसरा बघू. तुमच्या सोसायटीखालच्या दुकानात सोमवारी आणि गुरुवारी माल टाकतो. तू गॅलरीत नसतेस. मी वर बघत नाही. नसतेस एवढं माहीत आहे.

क्लेम नामंजूर झाला. दारूने झालेला आजार पॉलिसीत बसत नाही म्हणे. मी ऑफिसात जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा तिथल्या बाईने हॉस्पिटलचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, पेशंटने स्वतः कबूल केलं आहे.

मी घरी येऊन बाबांवर ओरडलो. आजारी माणसावर. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. "तुम्ही हो म्हणालात? घेतली नाही तर हो कशाला म्हणालात?"

ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "ते सारखं सारखं विचारत होते. मी नाही म्हटलं की पेन खाली ठेवायचे. पोट तर फुटायला आलेलं. मला वाटलं, हो म्हटल्याबिगर हे लोक सुरुवातच करणार नाहीत. म्हटलं हो. मग लगेच सलाईन लावली."

रोज सकाळी बाबा घरात पंचशील म्हणतात. चौथं शील, खोटं बोलणार नाही. पाचवं, नशा करणार नाही. पाचवं त्यांनी उभ्या जन्मात मोडलं नाही. आणि ते मोडलं असं कोणीतरी मानावं म्हणून चौथं मोडलं. सलाईनसाठी.

मला सांग, यात बेवडा कोण आहे?

आता म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आहोत. तिथे शर्मिष्ठा मॅडम म्हणून लिव्हरच्या डॉक्टर आहेत. गर्दी ही एवढी, तरी त्या म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं ते सांगा. घाई नको." बाबांनी सांगितलं. सकाळी चहा-खारी. मग गाडीत बसलं की थंडा. दुकानं करता करता थंडा. दुपारचा डबा ते नेतच नव्हते, आई दोघांचे दोन डबे भरायची आणि ते आपल्यातलं माझ्या डब्यात घालायचे, हे मला तिथे कळलं. म्हणायचे मी बाहेर खातो. बाहेर म्हणजे वडापाव आणि थंडा.

"आणि पाणी?" मॅडमनी विचारलं.

"पाणी कशाला? गाडीत थंडा असतोच की."

 मग तपासण्या झाल्या. डायबेटिस निघाला, किती वर्षांचा कोण जाणे. त्यांनी कागदावर स्वच्छ लिहून दिलंय की हे दारूचं नाही, साखर आणि चरबीचं आहे. आईला नीट समजावलं, दारूचा थेंब न घेताही लिव्हर असंच सुकतं. उसाच्या रसाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. आई तेव्हापासून रसवंतीच्या समोरून जात नाही, वळसा घालते.

तुला आमचा फ्रिज आठवतो? तू एकदाच आली होतीस आमच्याकडे. उघडलास आणि म्हणालीस, "आईशप्पथ, दुकान आहे काय!" पूर्ण गल्लीत असा फ्रिज कोणाचा नव्हता. भाजी कमी असेल, दूध अर्धं पाकीट असेल, पण थंड्याच्या बाटल्या खालपासून वरपर्यंत. डेट जवळ आलेला माल शेठ ड्रायव्हरांना वाटतो. बाबांनी पगार वाढवा म्हटलं की तो म्हणायचा, "शिवदास, एक क्रेट घेऊन जा." आणि बाबा हसत क्रेट घेऊन यायचे. आमच्याकडे पाहुण्याला पाणी विचारत नाहीत, त्याचा बाबांना केवढा अभिमान! जयंतीला गल्लीच्या तोंडावर बर्फाचा टब लावून येईल त्याला बाटली द्यायचे. पोरं मला म्हणायची, तुमची मजा आहे बाबा. मलाही तसंच वाटायचं. आम्ही श्रीमंत आहोत असंच मला वाटायचं.

मीही त्याच फ्रिजवर वाढलो. माझीही सोनोग्राफी केली. ते जाऊ दे.

नाही, सांगतोच. लिव्हर बदलावं लागेल म्हणाल्या मॅडम, आज ना उद्या. घरच्यापैकी कोणी तुकडा देऊ शकतं. मी शर्ट वर करून आडवाच झालो टेबलावर, घ्या म्हटलं. तर माझ्यातही चरबी. या वयात! आत्ता चालणार नाही म्हणाल्या. वजन उतरव, साखर बंद कर, सहा महिन्यांनी परत ये. आता मी गाडीत पाण्याची बाटली ठेवतो. मागे एवढा माल, पुढे मी पाणी पीत. शेठ म्हणाला, पागल झालास का.

आता कामाचं. पुढचं सगळं त्या पॉलिसीवर आहे. ती उघडली तर ऑपरेशनची गोष्ट तरी करता येईल. ऑफिसातली बाई म्हणाली, मॅडमचा कागद जोडा, पण पेशंटचाच जबाब उलटा आहे, तेव्हा कोणीतरी वजनदार माणूस, ऑफिसर वगैरे, जो त्यांना बाहेर बघत आलाय, त्याने सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की हा माणूस पीत नाही, तर केस परत उघडायला बरं पडेल.

आमच्या ओळखीत वजनदार माणूस कोण? माझ्या ओळखीत शिक्का असलेला एकच माणूस आहे. तुझे पप्पा.

हो, मी मागतोय. मी. तोंड दाखवणार नाही म्हणालो होतो तो मी. पप्पांना विचार. एक ओळ. ती एक ओळ लिहिली की तो शब्दही आपोआप मागे घेतला गेला, मला वेगळी माफी नको.

सम्यक

&nbsp;

भांडुप, ६ एप्रिल

अक्षता,

"पप्पा रविवारी घरी ये म्हणालेत. शांतपणे बोल." एवढंच लिहिलंस, पण खाली तू तुझं नाव लिहिलंस. आधीच्या चिठ्ठीत नव्हतं.

शांतपणे बोलीन. कालपासून प्रॅक्टिस करतोय टेम्पोत. सिग्नलला बाजूचा रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, कोणाशी बोलतोस?" म्हटलं, सासऱ्याशी. तो म्हणाला, मग जोरात बोल.

बाबांना सांगितलं. त्यांनी चेहरा धुतला, जणू त्यांनाच जायचंय. म्हणाले, "साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी लहानपणी बघितलंय, म्हणून भितात. त्यांना सांग, रागावलो नाही." मी म्हटलं, मी रागावलोय. म्हणाले, "तू ऱ्हा. माझं सांग."

तुझी ती पिवळी ओढणी अजून वापरतेस का? ती घालशील का रविवारी? नाहीतर राहू दे. पिवळा आता मला कुठेच आवडत नाही.

सम्यक

&nbsp;

भांडुप, १३ एप्रिल, रविवार

अक्षता,

बाबांना मी सांगितलं, साहेब घरी नव्हते. म्हणजे चौथं शील आता माझंही गेलं.

त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "असू दे. बँकेतल्या माणसांना कामं असतात." मग उद्याच्या जयंतीच्या टबाचं विचारलं. या वर्षी टबात पाणी ठेवणार आहे, नुसतं गार पाणी. गल्लीतली पोरं मला शिव्या घालतील, घालू देत. परवा मॅडमकडे जाईन. त्या म्हणाल्या आहेत, ऑफिसात झालं नाही तर वरती विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, माझा कागद पुरेल, वेळ लागेल. वेळ आमच्याकडे किती आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण तुमच्या दारात परत येणार नाही.

तू तिथेच होतीस, मग मी हे लिहितोय कशाला? कारण तू पूर्ण वेळ खाली बघत होतीस. मी काय काय बघत होतो ते तुला माहीत नाही.

काकूंनी ट्रे आणला. थंडा. तीन काचेचे ग्लास आणि एक कागदाचा. कागदाचा माझ्यापुढे. मला वाटलं काचेचे संपले असतील. खरंच तसंच वाटलं. मी म्हटलं, काकू, पाणी मिळेल का? पप्पा हसले, "का रे, थंड्याचा धंदा करतोस नि पाणी पितोस?" मीही हसलो. शांतपणे बोल म्हणाली होतीस ना.

पप्पांनी चष्मा लावून मॅडमचा कागद वाचला. पूर्ण वाचला, तेवढं मी कबूल करतो. मग म्हणाले, "विज्ञान काय, रोज नवीन काढतं. पण माणूस अडचणीत आहे, मदत करायला पाहिजे." लेटरहेड काढलं, पेन काढलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "श्री. शिवदास यांना मी ओळखतो. त्यांनी दारूचे व्यसन पूर्णपणे सोडलेले आहे."

"सर, सोडलेलं नाही. नव्हतंच."

"अरे, सोडलं म्हटलं की चांगलंच दिसतं ना? सुधारलेला माणूस."

"सर, सोडलं म्हणजे आधी होतं. त्यावरच तर क्लेम अडलाय."

"मग मी काय लिहू? कधीच घेतली नाही? माझ्या सहीखाली, बँकेच्या शिक्क्याखाली, खोटं लिहू? मी डोळ्यांनी बघितलंय त्यांना बाटली तोंडाला लावताना."

तिथे माझं शांत संपलं. "तुम्ही डॉक्टरला सोलकढी सांगता तेव्हा खोटं नसतं का, सर? आणि शनिवारचं काय?"

काकूंचा हात ट्रेवर थांबला. पप्पांनी तुझ्याकडे बघितलं, घरातलं बाहेर कोणी नेलं ते त्यांना कळलं. तरी आवाज चढवला नाही. "ते सोशल असतं. स्वतःच्या घरात, लिमिटमध्ये. गल्लीत टेम्पो लावून प्यायचं आणि हे, सारखं नाही. तुला नाही कळायचं."

आणि तेव्हा तू बोललीस.

खाली बघतच बोललीस, पण बोललीस. "पप्पा, त्या बाटलीत थंडाच असतो. मी प्यायलेय त्यातून. मे महिन्यात. काकांनी दिली होती."

अक्षता, डिसेंबरपासून मी याचीच वाट बघत होतो. टेम्पोत, हॉस्पिटलच्या बाकड्यावर, तुमच्या बिल्डिंगखाली क्रेट उतरवताना. वाटायचं, तू एवढं एक वाक्य बोललीस की संपलं. पप्पा म्हणतील, असं होय? माझी चूक झाली. पेन उचलतील, लिहितील. मी धावत भांडुपला जाईन.

तू वर बघितलं नाहीस. मी पप्पांचा चेहरा बघत होतो. तो आधी पांढरा झाला. मग त्यांची ती ऑफिसातली मराठी गळून पडली.

"तेंच्या बाटलेक तोंड लावलंस?"

काकू म्हणाल्या, "उष्टी? गो बाय माझे, उष्टी पियालंस?" आणि पदर तोंडाला लावला. जणू तू विष प्यायलीस आणि अजून जिवंत कशी.

बाटलीत काय होतं ते कोणीच विचारलं नाही. एवढे महिने त्यात दारू होती की थंडा, यावरून माझ्या बापाची इज्जत टांगलेली, आणि आता साक्षीदार समोर उभा, तर त्याला कोणी ते विचारेना. कोणाची बाटली, एवढंच. त्यात गंगाजल असतं तरी चाललं नसतं.

मग माझं लक्ष त्या कागदाच्या ग्लासकडे गेलं. काचेचे संपले नव्हते. मागे शोकेसमध्ये ओळीने उभे होते.

पप्पांनी पेनाला टोपण लावलं. लेटरहेडची घडी घातली, मग घडीची घडी.   मला वाटलं होतं त्या क्षणी मी टीपॉय उलटा करीन. तू पण तेच समजून खांदे आवळलेस, ते मी बघितलं. पण माझ्या डोक्यात बाबाच बोलत होते. त्यांना सांग, रागावलो नाही. निरोप होता. द्यायला पाहिजे होता. मी दिला नाही.

मॅडमचा कागद उचलला. तो कागदाचा ग्लासही उचलला, भरलेला, तसाच किचनमध्ये नेऊन सिंकमध्ये ओतला. काकूंना नंतर हात लावायला नको. रिकामा ग्लास चुरगळून खिशात घातला. अजून आहे खिशात.

तू दारापर्यंत आलीस. "सम्यक," म्हणालीस. नुसतं नाव. मी वळून बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत थांब होतं की ये होतं, ते मलाच माहीत नाही. तुला कळलं असेल तर तूच ठरव. मी आता काही मागणार नाही, पप्पांकडे नाही नि तुझ्याकडेही नाही. तू बोललीस, हे मी विसरणार नाही. उशिरा बोललीस, हेही विसरणार नाही.

तुमच्या दाराला वर तो लोखंडी हात असतो. सोडून दिलं की आपोआप लागतं, हळूच, आवाज न करता, म्हणजे कोण गेलं ते आतल्यांना कळायलाही नको. मी ते सोडलं नाही. बाहेर येऊन मूठ धरली आणि माझ्या हाताने ओढून घट्ट बंद केलं.